जास्तीच्या दोन रात्री

मी याद्या करणारा माणूस आहे. बाजाराची यादी, कामांची यादी, उसन्या दिलेल्या पुस्तकांची यादी, आणि गेल्या वर्षापासून औषधांचीही. घरातले हसतात. पण ही सवय माझी नव्हे. मला ती एका माणसानं लावली, आणि त्या माणसाच्या नावची एक बाब माझ्याकडे बरीच वर्षं पडून आहे. ती निकालात काढावी म्हणून हे लिहायला बसलो.

ते तालुक्याच्या कचेरीत खजिना कारकून होते. तालुक्याचं नाव घालत नाही. निपाणीहून सकाळी बैलगाडी जोडली तर दुपारच्या जेवणाला पोचता येई, एवढं पुरे. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. कचेरीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेवढंच म्हणेन.

खजिना म्हणजे कचेरीतली एक दगडी खोली. लोखंडी दार, दोन कुलपं. आत रोकड, स्टॅम्पाचे कागद आणि सरकारी अफू. त्या काळी अफू सरकार विकायचं, परवानेवाल्या दुकानदारांना, तोलून. एका कुलपाची किल्ली अण्णांकडे. दुसरी पोतदार आप्पांकडे. पोतदार म्हणजे नाणी मोजून, वाजवून, पारखून घेणारा माणूस. आप्पा बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या विणकरांच्या घरातले. भाऊ मागावर बसले, हे नाण्यांपाशी. खोटा रुपया त्यांना डोळ्यांनी बघावा लागत नसे, फरशीवर पडल्याचा आवाज पुरे व्हायचा.

संध्याकाळी पाच वाजता वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड पैशी पै जुळली पाहिजे. जुळली की अण्णा टोपी काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मेळ बसला." जोवर टोपी डोक्यावर आहे तोवर कोणी घरी जायचं नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण मामलेदारसुद्धा जाताना दारातून वाकून अण्णांच्या डोक्याकडे बघत.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की ते कचेरीबाहेरही सुटत. कोगनोळीला एका लग्नात अक्षता पडल्यावर अण्णा मुलीच्या बापाला म्हणाले, "काय, मेळ बसला?" तो बिचारा मानपानावरून व्याह्याशी भांडून आला होता. अण्णांना मध्यस्थीला कोणी पाठवलंय अशी त्याची समजूत झाली. त्यानं त्यांना गोठ्यामागे नेलं आणि सगळी हकीकत सांगितली, दोन लुगडी कुठे कमी पडली ती. अण्णांनी ऐकून घेतलं, कागद काढला, देणं-घेणं मांडलं आणि लुगडं एकच कमी असल्याचं सिद्ध करून दिलं. व्याही पाटावर बसला. जेवणं झाली.

मी कचेरीत रुजू झालो तो खानापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातून, बाविसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी माझ्या खिशात खोडरबर होतं. अण्णांनी ते दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"हे काय?"

"खोडायला, अण्णा."

"चूक खोडायची नसते. चूक ठेवायची, तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. उद्या कोणाला दिसली पाहिजे ती. चूक लपवली की तिला पिलं होतात."

रबर त्यांनी एका पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख आणि माझं नाव घातलं, आणि कपाटात ठेवून दिलं.

बेरीज ते तीनदा करत. वरून खाली, खालून वर, आणि तिसऱ्यांदा मधूनच कुठून तरी सुरू करून दोन्हीकडे. "आकड्यांना आपण कुठून येणार ते कळता कामा नये," म्हणत. वही आणि रोकड यांत फरक आला की आधी त्याला नवानं भागून बघायचं. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, सत्तावीसचे बहात्तर झालेत. नाही गेला तर फरकाचं अर्धं करायचं आणि तेवढी रक्कम वहीत शोधायची. ती सापडली तर जमेची रक्कम नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडली आहे. हे मी पुढे जन्मभर वापरलं आणि दर वेळी ते खरं ठरलं.

पण मेळ बसला म्हणजे सगळं झालं, असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. "कधी कधी दोन चुका एकमेकींशी लग्न लावून बसतात. बाहेरून संसार झकास दिसतो. अशा घरी पाणीसुद्धा पिऊ नये." आणि सगळ्यांत भीती त्यांना जास्तीच्या पैशाची. रोकड चार आणे जास्त निघाली की घरात कोणी गेल्यासारखा चेहरा व्हायचा. "कमी पडलेला पैसा रडतो, म्हणून सापडतो. जास्तीचा गप्प बसतो. तो कुणाचा तरी असतो, आणि तो कुणीतरी आत्ता घरी बायकोच्या शिव्या खात असतो."

पानवाला पैऐवजी सुपारीचं खांड द्यायचा. अण्णा घ्यायचे, कागदात बांधून ठेवायचे. तीन खांडं झाली की परत नेऊन द्यायचे आणि एक पैसा मागायचे. पानवाला पहिल्यांदा भांडला, मग हसला, मग अण्णा दुरून दिसले की पैच काढून ठेवू लागला.

घरी तर ह्याहून कडक. एकदा मी निरोप घेऊन गेलो तर अण्णा भाकरीच्या टोपलीपुढे उकिडवे बसलेले.

"सात थापल्या. पाच खाल्ल्या. टोपलीत एक. मेळ बसत नाही."

काकू चुलीपुढून म्हणाल्या, "मांजरानं नेली."

"आपल्या की शेजारच्या?"

"पुढच्या खेपेला सही घेते तिची."

अण्णांनी घरच्या वहीत 'मांजर, भाकरी १' असं लिहिलं तेव्हाच उठले. काकू एकीकडे तराजूत वेलदोडे तोलत होत्या. त्या काळी चांदीचा रुपया बरोबर एक तोळा भरायचा, त्यामुळे घरोघर बायका वेलदोडे, केशर, हिंग रुपयानंच तोलत. अण्णांना त्यातही कौतुक होतं. "सरकारचं दुसरं काही खरं नसेल, पण हे वजन खरं."

ह्याच कौतुकानं पुढे घोटाळा केला.

खजिन्यात अफू तोलायची तोळ्यांची वजनं होती. एक दिवस अण्णांना ती हलकी वाटली. का वाटली हे कोणी विचारलं नाही. त्यांनी ती सगळी फडक्यात बांधली, वर लाख लावली आणि तपासणीला बेळगावला पाठवून दिली. पेटीत शेर, अर्धा शेर, पावशेर एवढीच उरली. ह्याला आठवडा झाला असेल.

मग तो शनिवार आला. सारा भरायचा शेवटचा दिवस. गावोगावचे पाटील-कुलकर्णी, त्यांच्यामागे डोक्यावर थैल्या घेतलेले गावचे सनदी शिपाई, स्टॅम्प घ्यायला वकिलांचे कारकून, अफू न्यायला निपाणीचा परवानेवाला, पेन्शन घ्यायला आलेल्या तीन विधवा, सगळे एकाच खिडकीला. अण्णा लिहीत होते, आप्पा वाजवत होते, मी दोघांच्या मधे पळत होतो. पाच वाजले. खिडकी बंद झाली. आप्पांनी रोकड सांगितली. अण्णांनी वही बघितली. टोपी डोक्यावरच राहिली.

पाच रुपये कमी.

पाच रुपये म्हणजे आज हसाल. तेव्हा तो शिपायाचा जवळजवळ दहा दिवसांचा पगार होता. पण खरी गोष्ट रकमेची नव्हतीच. सोमवारी प्रांतसाहेब तपासणीला येणार होते. आणि आप्पांची पेन्शन दोन महिन्यांवर आली होती. रोकड पोतदाराच्या हातात असते. कमी पडली की त्याच्या नोकरीच्या पुस्तकात तांबड्या शाईनं लिहिलं जातं, आणि तांबड्या शाईचा माणूस पेन्शनला गेला की कागद वर्षानुवर्षं टेबलांवरून फिरतात. आप्पांच्या छत्तीस वर्षांच्या पुस्तकात तांबडा ठिपका नव्हता.

रविवारी मामलेदारांच्या परवानगीनं कचेरी उघडली. आम्ही तिघे बसलो. पाचाला नवानं भाग जाईना. पाचाचं अर्धं अडीच, आणि अडीच रुपयांची नोंद अख्ख्या दिवसात नव्हती. अण्णांनी तिन्ही तऱ्हांनी बेरजा केल्या. दुपारी त्यांनी वही मिटली.

"वही निर्दोष आहे. पैसा चालत गेलाय."

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे कागदावर चूक नाही. माणसाच्या हातून झालीय."

"म्हंजे माझ्या."

एवढ्यात मामलेदार आले. भले गृहस्थ. म्हणाले, "अण्णा, पाच रुपयांसाठी काय जीव काढताय? चौघांनी सव्वा-सव्वा काढू, पेटीत घालू, विषय मिटला."

"घालू की, साहेब. आणि उद्या ते पाच सापडले, म्हणजे हे जास्तीचे पाच कोणाच्या नावावर ठेवू?"

मामलेदार आले तसे गेले. मग आप्पांनी धोतराच्या सोग्यातून पाच रुपये सोडले आणि अण्णांपुढे ठेवले.

"माझं घ्या. मी देतो म्हणतो की. कुणाला कळणार हाय?"

"आप्पा, उचला ते."

"का म्हणून?"

"तुम्ही भरलेत म्हणजे तुम्ही घेतले होते, असा त्याचा अर्थ. न घेतलेले पैसे परत कसे करता?"

"लई झालं तुमचं!" आप्पा उठून उभेच राहिले. "छत्तीस वरसं तुमच्यासारख्याच्या हाताखाली गेली. तुमच्या त्या मेळापायी माझी पेन्शन जातीया, कळतंय न्हवं? तुमचं काय जातंय? टोपी?"

ते निघून गेले. अण्णांनी टोपी चाचपली, पण काढली नाही. मला म्हणाले, "खालून वर एकदा बघू."

सोमवारी प्रांतसाहेब आले. धारवाडकडचे, कन्नड बोलणारे, नवे, तरुण, आणि शिस्तीचे. त्यांनी रोकड मोजायला सुरुवात करायच्या आतच अण्णांनी कागद पुढे केला. 'रोकड रुपये पाच कमी आहे. वही तपासली, बरोबर आहे. कारण समजलेलं नाही. किल्ल्या दोन, जबाबदार दोघे.' खाली सही. त्या 'दोघे' शब्दाकडे आप्पांनी बघितलं आणि मान फिरवली.

साहेबांनी मोजलं. पाच कमीच. आप्पांचं नोकरीचं पुस्तक मागवलं. तांबड्या शाईची दौत मागवली. टाक बुडवला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला ठेवला.

"आधी बाकीचं बघू. स्टॅम्प. मग अफू."

स्टॅम्प बरोबर निघाले. अफू आली. वहीप्रमाणे अकरा शेर पाच तोळे. तराजू मी धरला. आप्पांनी वजनांची पेटी पुढ्यात घेतली. डोळ्यांना पाणी होतं, त्यामुळे बघत नव्हते, हातानं चाचपून देत होते. अण्णा सवयीनं हात पसरून मागत होते. शेर दिले, घातले.

"पाच तोळे," अण्णा म्हणाले.

आप्पांनी पेटीच्या तळाला हात घातला आणि अण्णांच्या तळहातावर ठेवू लागले. एक. दोन. तीन. चौथ्याला आप्पांचा हात हवेत थांबला. मान वर आली.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "हे वाजतंय."

"काय?"

"वजन वाजत नसतंय, अण्णा."

अण्णांनी तळहाताकडे बघितलं. त्यावर राजाचं तोंड होतं, तीनदा. चौथं आप्पांच्या बोटांत आणि पाचवं पेटीत.

सगळं एकदम आठवलं, मलाही. शनिवारी गर्दीत परवानेवाल्याला अफू द्यायची होती. तोळ्यांची वजनं बेळगावला. आप्पा एका संशयी रुपयावरून पाटलाशी खिडकीत हुज्जत घालत होते. अण्णांनी त्यांच्या पुढ्यातल्या नाण्यांच्या ताटातले पाच रुपये उचलले, तराजूत टाकले, अफू तोलली. सगळी वजनं पेटीत परत टाकली ती मी. दोन दिवस आम्ही पाच रुपये शोधत होतो, आणि ते तिघांपैकी एकालाही दिसले नव्हते, कारण आम्हाला ते रुपये वाटलेच नव्हते. ते तोळे होते.

"एनु इदु?" साहेबांनी विचारलं. हे काय? मामलेदारांनी भीतभीत सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा अफूत पडला.

"घाला ते पेटीत. रोकड पुरी. संपलं."

अण्णांनी पाचही रुपये रोकडीत ठेवले. मोजले. पुरी. टोपीकडे हात गेला, तो मधेच थांबला.

"साहेब, पण मग अफू तोलता येत नाही. पाच तोळे कमी पडतात."

"मग परत काढा."

"मग रोकड कमी पडते."

"अहो, आधी इकडं मोजा, मग तिकडं मोजा!"

"एक रुपया एका वेळी एकाच ठिकाणी असतो, साहेब. तपासणी एका वेळेची. दोन्हीकडे मोजले तर पाचाचे दहा होतात."

मामलेदारांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी स्वतःच्या कोटातून पाच रुपये काढले. "हे चालतील?"

"रुपये म्हणून नाही. तोळे म्हणून चालतील."

आप्पांनी पाचही वाजवून घेतले. साहेबांचे होते तरी वाजवले. अफू तोलली. अकरा शेर पाच तोळे, चोख. मग अण्णांनी साहेबांचे रुपये परत केले आणि कागदावर पोच लिहून दिली. 'प्रांतसाहेबांकडून तोळे पाच मिळाले. वापरून परत केले.' साहेबांनी ती घडी करून खिशात घातली. तांबड्या शाईचा टाक वाळून गेला होता. आप्पांचं पुस्तक कोरंच मिटलं.

अण्णांनी टोपी काढली. "मेळ बसला," म्हणाले, पण नेहमीसारखं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. साहेबांच्या, मामलेदारांच्या, आप्पांच्या मते ती संपलीच होती. पण त्या महिन्यात अव्वल कारकून रजेवर होते आणि त्यांचं काम अण्णांकडे होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा अव्वल कारकुनांच्या खुर्चीत बसले आणि खजिना कारकुनाच्या नावे मेमो लिहिला. 'आपण शनिवारी पोतदारांच्या ताटातील रुपये पाच चिठ्ठीशिवाय उचललेत. खुलासा करावा.' शिपायाला हाक मारली.

शिपाई म्हणाला, "अण्णा, तुमीच लिवलं, तुमीच वाचनार. मला कशाला मधी?"

"टपाल शिपायानंच न्यायचं असतं."

शिपायानं मेमो तीन पावलं नेऊन रिकाम्या टेबलावर ठेवला. अण्णा उठले, पाणी प्यायले, आपल्या खुर्चीत येऊन बसले, मेमो उघडला. वाचताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खुलासा लिहिला. 'सदर रुपये मी रुपये म्हणून उचलले नसून तोळे म्हणून उचलले.' शिपाई परत तीन पावलं. अण्णा पुन्हा पलीकडे. तिथून उत्तर आलं. 'खुलासा अमान्य. रुपया तराजूत बसला तरी रुपयाच.'

मामलेदार सही करायला तयार नव्हते. अण्णा दोन दिवस त्यांच्या दारात उभे राहिले. शेवटी त्यांनी कंटाळून सही केली, आणि अण्णांच्या नोकरीच्या पुस्तकात तांबडी ओळ पडली. त्यांची पहिली आणि शेवटची. त्यांनी ती वाचली, 'चिठ्ठी' ह्या शब्दाची वेलांटी जरा मोठी करायला सांगितली, आणि कामाला लागले.

काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस झालो. निघायच्या दिवशी अण्णांनी कपाटातून पाकीट काढलं. आत माझं खोडरबर, दगडासारखं झालेलं. ते घेतल्याची सही करताना त्यांची घरची वही शेजारी उघडी दिसली. त्या शनिवारच्या पानावर देण्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'पोतदार आप्पा यांची झोप, रात्री २, माझ्या चुकीने गेल्या.' त्यावर आडवी रेघ आणि पुढे, 'फेडली, शहापूर. शिल्लक नाही.'

मी सही केली आणि रबर खिशात घातलं.

पुढे वखारीच्या कामानं बेळगावला गेलो, तेव्हा शहापुरात आप्पांकडे डोकावलो. माग खटखटत होता. आप्पा पेन्शन खाऊन चांगले गरगरीत झाले होते. मी अण्णांचं नाव काढलं.

"अरं, त्येनं तर नवल केलं! मी पेन्शनीत आलो न्हवं, त्याच साली आलता. म्हटलं जेवा, तर जेवला. म्हटलं निजा, तर भिंतीला टेकून बसला. दोन रात्री डोळा न्हाय मिटला. मी म्हटलं, अण्णा, मागाचा आवाज होतोय का? न्हाय म्हणाला. ढेकूण हायत का? न्हाय म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढली, मेळ बसला म्हणाला, आणि गाडी धरून गेला. कशाला आलता, मला अजून कळलं न्हाय!"

मी वहीतली नोंद सांगितली. तसं आप्पांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. आतून त्यांच्या कारभारणीनं पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि पुन्हा हसले.

"आरं देवा! पर मी झोपलोतो की रं!"

"झोपला होता?"

"शनवारी बी आणि आयतवारी बी. घोरत. इच्चार हिला." कारभारणीनं मान डोलावली. "ही म्हणाली, पेन्शन जातीया आणि ह्यो घोरतोय. रागावलोतो, व्हय, बोललो बी त्येला वाईट. पर अण्णा हुडकतोय म्हटल्यावर मी कशाला जागू? त्येच्या हातनं पै सुटली न्हाय कधी. कमी पडंल का माणूस?"

मग एकदम गंभीर झाले, माझा हात धरला.

"पर त्येला सांगू नको हां. जास्ती भरलंया म्हणून कळलं, तर ह्या वयात परत येऊन बसंल. कशाला तरास?"

मी सांगितलं नाही. आप्पा गेले, मग काही वर्षांनी अण्णा गेले. अण्णांच्या वहीत शिल्लक नाही असं आहे, आणि ते चूक आहे. दोन रात्री जास्तीच्या भरल्या गेल्या आहेत. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मी काही खोडत नाही. रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा घालतो आणि त्या दोन रात्री आज इथं त्यांच्या नावे जमा करतो.